चुन्याखालचा रूळ

रविवारी सकाळी आठ वाजता मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना टेकू उभे होते, आणि झोकिर आणि नुसरत हे सख्खे भाऊ एकमेकांशी मिस्त्रीच्या, उस्ता शोदमोनच्या मार्फत बोलत होते.

“उस्ता, त्याला सांगा, अंगणात रूळ आहे. तोच बसणार,” झोकिर म्हणाला.

“उस्ता, अकांना सांगा, रूळ बसला की मागोमाग छप्परही बसेल,” धाकटा नुसरत म्हणाला. थोरल्या भावाला तो अका म्हणायचा.

उस्ता शोदमोन दोघांच्या मधे मांडी घालून हिरवा चहा पीत होता. वेल्डिंगचं यंत्र त्याने दाराशीच ठेवलं होतं. “रूळ काय, गर्डर काय, मला दोन्ही जोडता येतं,” तो म्हणाला. “मोडलेले संसार सोडले तर कोगोनमधलं सगळं मी जोडून दिलंय. पण दहा वाजता मोहल्ल्यातली माणसं हशरला येतील. फुकट हात लावायला आलेल्या माणसांना भांडण दाखवायचं असेल तर तसं सांगा, मी आपलं यंत्र घरी नेतो.”

भिंत पाडायची हे दोघांच्या आईने, सानोबर ओयींनी ठरवलं होतं आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तीन आठवड्यांवर झोकिरच्या मुलीचं, मेहरीचं लग्न आलं होतं. व्याही बुखाऱ्याचे, गोतावळा मोठा. “माझ्या घरी आलेलं माणूस भिंतीपलीकडे जेवणार नाही, सगळे एका दस्तरखानावर बसतील,” असं ओयी म्हणाल्या तेव्हा तो विषय संपला. पण भिंत म्हणजे नुसता आडपडदा नव्हता. दोन्ही खोल्यांचे वासे मधे तिच्यावरच टेकले होते आणि वाशांवर मातीचं धाबं होतं. भिंत काढायची तर तिच्या जागी साडेपाच मीटर अंतर एका दमात ओलांडणारं काहीतरी आडवं घालायला हवं होतं, जे ते सगळं धाबं उचलून धरील. ते काय असावं यावरून आठवडाभर घर पेटलं होतं.

झोकिरला शंकाच नव्हती. वडील हमराकुल बत्तीस वर्षं लोहमार्गावर मुकादम होते. त्यांनी आणून टाकलेले रुळाचे दोन तुकडे तंदूरच्या मागे पडले होते, एक चार मीटरचा आणि एक अडीचचा. अकरा वर्षांपूर्वी, जाण्याच्या आदल्या दिवशी, ते झोकिरला म्हणाले होते, “घराकडे बघ,” आणि त्यांनी हात तंदूरच्या दिशेने केला होता. खोलीत तेव्हा झोकिर एकटाच होता. तेव्हापासून त्याने त्या रुळांना कुणाला हात लावू दिला नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला मागितला तर नाही, शेजाऱ्याने फाटकाला मागितला तर नाही. घराचं मोठं काम निघेल तेव्हा हे लोखंड घरातच जाईल, असा त्याने मनोमन वडिलांना शब्द दिला होता. आता ते काम निघालं होतं, आणि तेरा वर्षं रशियात, चेल्याबिन्स्कला परक्यांच्या इमारती बांधणारा धाकटा भाऊ पुतणीच्या लग्नाला म्हणून येऊन त्याला बाजारातला गर्डर घ्यायला सांगत होता.

झोकिरने उस्ताचा नाद सोडला आणि तो सरळ भावाकडे वळला. “ज्याच्यावरून आख्खी आगगाडी जाते त्याला आपलं धाबं जड होणार का रे?”

“अका, आगगाडी जाते तेव्हा रुळाखाली हातहातभर अंतरावर स्लीपर असतात. त्यांच्याखाली खडी, खडीखाली जमीन. रूळ बिचारा एकटा काही उचलत नाही. इथे तुम्ही त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अधांतरी झोपवणार, आणि वर मधे जोड. रुळाचं पोलाद कडक असतं, त्याला वेल्डिंग मानवत नाही. जोडाशेजारी तडकतं. उस्ता, खोटं बोलत असेन तर सांगा.”

उस्ताने पियाल्यात तोंड घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

“गर्डर नेमका याच कामासाठी बनवलेला असतो,” नुसरत पुढे म्हणाला. “वर रुंद पट्टी, खाली रुंद पट्टी, मधे उभा कणा. वीस नंबरचा, म्हणजे वीस सेंटिमीटर उंचीचा, अखंड घेऊ. मी हिशेब केलाय.”

“हिशेब केलाय म्हणे. वडिलांना खांदा द्यायला आला नाहीस, आणि आता त्यांच्या घराचा हिशेब करायला आलास.”

नेमक्या याच वेळी गुलचेहरा गरम नान घेऊन आत आली. ही दोघांच्या मधली बहीण, बुखाऱ्याला दिलेली, आणि माहेरच्या प्रत्येक भांडणात मत देण्याचा हक्क तिने लग्नातच राखून ठेवलेला. “अका, एवढं नको होतं बोलायला,” ती म्हणाली आणि लगेच नुसरतकडे वळली. “पण तूही जरा ऐकत जा. वडिलांची आठवण घरात राहिली तर तुझं काय जातं?”

“आठवण भिंतीला टांगा ना, ओपा. डोक्यावर कशाला? त्याच्याखाली उद्या बसणार कोण आहे? ओयी बसणार आहेत.”

झोकिरने आपला पियाला पालथा घातला. “रूळच बसणार. या घरात मी अजून जिवंत आहे.”

नुसरत उठून बाहेर गेला. फाटकाबाहेर पाण्याचा पाट वाहत होता, त्याच्या काठावर तो बसला. वडील गेले त्या दिवशी फोन आला तेव्हा तो चेल्याबिन्स्कला नवव्या मजल्यावर होता. आपल्याकडे मेलेल्या माणसाला सूर्य बुडायच्या आत माती मिळते आणि चेल्याबिन्स्कहून कोगोनला यायला गाडीने अडीच दिवस लागतात. हे झोकिरलाही माहीत होतं. तरी दर ईदेला फोनवर, आधी तब्येत विचारून मग हवापाणी विचारून, तो हे वाक्य एकदा ऐकवायचाच. नुसरतची त्याबद्दल तक्रार नव्हती. जो घरी राहिला त्याने चार शब्द बोलावेत, असं तो स्वतःची समजूत घालत आला होता. पण आज नुसतं ऐकून घेऊन भागणार नव्हतं. तो रूळ वर चढला तर आपण परत गेल्यावर एकही रात्र धड झोपणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि भावाचा हात कसा धरावा ते कळत नव्हतं.

इकडे मवजुदा, झोकिरची बायको, तंदूरपाशी रूळ खरवडायला बसली होती. तिला त्यांना गेरूचा हात द्यायचा होता, आणि चुन्यावर गेरू बसत नाही. चुना ही सानोबर ओयींची करणी. दर वसंतात, नवरोजच्या आधी, त्या बादली घेऊन अंगणात उतरायच्या आणि जे जागचं हलत नाही त्याला चुना फासायच्या. जर्दाळूची झाडं, फाटकाचे खांब, नळाचा ओटा, आणि तंदूरच्या मागे पडलेले रूळ. मेहरी लहानपणी आजी चुना घेऊन निघाली की पळत सुटायची, आपल्यालाही फासतील म्हणून.

मवजुदाच्या हातात परातीतली कणीक खरवडायची पत्र्याची पट्टी होती. वर्षावर्षाचा एकेक थर पापुद्र्याने सुटत होता. मनातून ती दिराच्या बाजूची होती. शाळेत पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईला दिराचं म्हणणं समजायला वेळ लागत नाही. पण चार माणसांत नवऱ्याच्या विरुद्ध बोलायचं तर त्या बोलण्याला वेळ-काळ लागतो, आणि तो काही येत नव्हता. म्हणून ती मुकाट्याने खरवडत होती. चार मीटरच्या तुकड्याच्या मध्यावर पट्टी एकदम गुळगुळीत चालली. चुन्याखाली पिवळा तैलरंग लागला. तिने ओढणीच्या टोकाने पुसलं. रुळाच्या कुशीवर तीन फुल्या होत्या, ओळीने, कुणीतरी घाईत ब्रश मारून काढलेल्या.

बावीस वर्षं रेल्वेवाल्यांच्या घरात काढलेल्या बाईला तीन फुल्या कुणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. सासरे संध्याकाळी हात धुताना सांगायचे, आज अमक्या किलोमीटरवर फुल्या मारल्या. रुळाच्या पोटात चीर गेली की बाहेरून काही दिसत नाही. यंत्राने ती सापडते, मग तो रूळ उपटून काढतात, आणि पुन्हा चुकून कुणी मार्गात घालू नये म्हणून त्याच्यावर फुल्या मारतात. मवजुदाने पट्टी खाली ठेवली.

सानोबर ओयी पडवीत तांदूळ धूत होत्या.

“ओयी, जरा तंदूरकडे येता का?”

“पाणी किती गढूळ निघतंय बघ या तांदळाचं. काय झालं?”

“येऊन बघा.”

ओयी आल्या, वाकल्या. मग म्हणाल्या, “चुना मीच लावत होते की दर वर्षी. मीच झाकत आले.” त्यांनी ओल्या बोटाने एक फुली चोळून पाहिली. “कुणाला दाखवलंस?”

“तुम्हालाच.”

“नवऱ्याला का नाही?”

“मी दाखवलं तर मी नुसरतच्या बाजूची झाले. तुम्ही दाखवलंत तर तुम्ही आई आहात.”

ओयींनी तिच्याकडे पाहिलं. “ओवाळून टाकीन तुझ्यावरून जीव. बावीस वर्षं मी म्हणतेय, या घरात अक्कल कुणाला असेल तर ती तुला.”

“हे तुम्ही आज पहिल्यांदाच म्हणताय, ओयी.”

“मनात म्हणत होते. जा, झोकिरला पाठव. त्या बुखारेवाल्या गुलचेहराला कळू देऊ नकोस, नाहीतर आपल्याआधी ती मोहल्ल्याला सांगेल.”

झोकिर आला तो कपाळाला आठ्या घालूनच. त्याला वाटलं आईपण आता नुसरतचीच बाजू घेणार. पण ओयींनी नुसतं बोट दाखवलं. झोकिर डेपोत इंजिनांचा फिटर. तो खाली बसला, फुल्यांवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या तुकड्याकडे सरकून त्याचं टोक पाहिलं. दोन्ही एकाच रुळाचे तुकडे होते.

“हे कशाला आणले होते त्यांनी?” त्याने विचारलं.

“द्राक्षाच्या मांडवाला. मग त्यांना पाइप मिळाले आणि हे पडून राहिले.”

“मला का नाही सांगितलंत कधी?”

“तू विचारलंस कधी? तू सारखा वडिलांचा शब्द, वडिलांचा शब्द म्हणायचास. मला वाटलं, मरताना माणूस बायकोला सांगत नाही ते मुलाला सांगून गेला असेल.”

“त्यांनी हात इकडे केला होता, ओयी. मी डोळ्यांनी पाहिलं.”

ओयींनी अंगणभर नजर फिरवली. “नळही इकडेच आहे,” त्या म्हणाल्या.

झोकिरचा चेहरा उतरला. “म्हणजे ते पाणी मागत होते?”

“मागत असतील. तू औषधाला गेलास तेव्हा मी पाजलं. पोटभर प्यायले, मिशी पुसली, झोपले. ते तू जिवाला लावून घेऊ नकोस.” त्या त्याच्या शेजारी तंदूरच्या कट्ट्यावर टेकल्या. “आणि घराकडे बघ म्हणाले ना? मग बघ की. घर हे इथे आहे.”

झोकिरला पहिल्यांदा लाज वाटली आणि लाजेमागून अंगावर काटा आला. तासाभरात उस्ताने जोड मारला असता, दुपारपर्यंत हे पोटात चीर गेलेलं लोखंड वर गेलं असतं, आणि तीन आठवड्यांनी त्याच्याखाली लग्नाच्या बायका बसल्या असत्या. आई बसली असती. त्याला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, पण जवळ भिंत नव्हती. मवजुदा दोन पावलांवर उभी होती, हातात ती कणकेची पट्टी.

“तू खरवडलंस?”

“रंग बसावा म्हणून.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. मग त्याला तेवढं पुरेसं वाटेना. “फार उपकार केलेस तू, मवजुदा. आम्हा सगळ्यांवर.” असं काही तो बायकोला कधी बोललाच नव्हता, त्यामुळे ती तशीच गाजरं चिरायला निघून गेली.

नुसरत पाटाच्या काठावरच बसला होता. झोकिर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

“तुझा वीस नंबर किती ओझं घेतो?”

नुसरतने वर पाहिलं. हा टोमणा आहे की प्रश्न, त्याला कळेना. “धाबं अर्धी वीत जाड धरलंय. तेवढ्याला वीस पुरतो.”

“अर्धी वीत?” झोकिर म्हणाला. “कुणाचं धाबं? चल वर.”

शिडी लावून दोघे वर गेले. धाब्यावर ऊन पसरलं होतं, वाळलेल्या गवताचा वास होता. झोकिरने मधोमध पहारीने माती उकरायला सुरुवात केली. “दर शरदात मी भुसा-मातीचा एक हात चढवतो. अकरा वर्षं. त्याआधी वडील चढवायचे. पाऊस आत येऊ नये म्हणून,” तो उकरता उकरता सांगत होता. मातीचे थर एकाखाली एक निघत होते. लाकूड लागलं तेव्हा नुसरतने खड्ड्यात हात घालून मोजलं. वीत भरली आणि वर चार बोटं उरली.

तो तिथेच उकिडवा बसला आणि फोनवर आकडे मांडू लागला. एकदा मांडले, पुसले, पुन्हा मांडले. “अका,” तो म्हणाला, “वीस नंबर वाकला असता. मी इथे आल्या दिवसापासून छाती ठोकून सांगतोय आणि तो वाकला असता.”

“मग?”

“सत्तावीस कसाबसा टिकेल.”

“कसाबसा नको.”

“मग तीस.”

“तीस घे,” झोकिर म्हणाला. थोडा वेळ तो पहारीच्या टोकाची माती झटकत राहिला. “रुळावर फुल्या आहेत. तीन. वहिनीने तुझ्या चुना खरवडला तेव्हा दिसल्या.”

नुसरतच्या तोंडावर हसू नव्हतं की विजय नव्हता. त्याला फक्त हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याने उन्हाकडे तोंड केलं. “वहिनीच्या हाताला सोनं बांधायला हवं,” तो म्हणाला. “आणि धाब्याचं तुम्ही बोललात ते बरं झालं. मी विचारायलाच हवं होतं.”

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“तुम्ही उस्तामार्फत बोलत होतात.”

झोकिर हसला. आठवड्यात पहिल्यांदाच हसला, आणि खाली गाजरं चिरणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

दहा वाजता माणसं आली. पंधरा म्हणता बावीस आली, कारण पुलावाची बातमी हातोड्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरते. झोकिरने कुणाला गोलमाल सांगितलं नाही. अंगणात उभं राहून तो म्हणाला, “भावांनो, मी चूक करत होतो. वडिलांचा म्हणून मी फुल्यांचा रूळ घरावर घालत होतो. माझ्या बायकोने आणि भावाने मला वाचवलं. आता बाजारातून गर्डर यायला दोन तास लागतील. तोवर तुम्ही जेवून घ्या.”

आधी पुलाव आणि मग काम, असा हशर कोगोनमध्ये कुणी पाहिला नव्हता. म्हातारे म्हणाले, जेवल्यावर यांच्यातला एकही हातोडा उचलणार नाही. गुलचेहरा ताटं वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होती की मी तर पहिल्यापासून गर्डरच म्हणत होते. तिला कुणी अडवलं नाही. उस्ता शोदमोनने नुसतं विचारलं, “सकाळी आठ वाजल्यापासून की साडेआठ?”

“उस्ता, तुम्ही पियाल्यातून बाहेर आलात वाटतं,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा टाकून तिने त्याचं तोंड बंद केलं.

लोखंडबाजारात दोघे भाऊ गेले. दुकानदार चोवीस नंबर गळ्यात मारायला बघत होता, एवढ्याशा घराला तीस कशाला म्हणत होता. नुसरत आकडे सांगू लागला. झोकिरने त्याला थांबवलं आणि म्हणाला, “माझा भाऊ तीस म्हणतोय.” दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. सहा मीटरचा अखंड तुकडा निघाला, दोनशे किलोच्या वर वजनाचा. नुसरतने जमिनीला डोळा लावून तो सरळ आहे की नाही ते पाहिलं, झोकिरने टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपून पाहिलं, कुठे रंग आहे का म्हणून.

दोन्ही टोकांच्या उशा गुरुवारीच सिमेंटमध्ये बांधून त्यांच्यावर लोखंडी पत्रे बसवून ठेवले होते. वर छतालगत भिंतीत खाच पाडली, चौदा खांद्यांवर गर्डर आत आला, आणि जेवल्यावर उठणार नाहीत म्हटलेली माणसं आरडाओरडा करत तो वर चढवू लागली. एकदा तो तिरका झाला, एकाचा अंगठा चेंगरला, उस्ताने सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि तो बसला. नुसरतने प्रत्येक वाशाखाली पोलादी पाचर ठोकून घेतली, म्हणजे एकही वासा अधांतरी राहायला नको. मग खालची भिंत फुटू लागली. विटा हातोहात अंगणात गेल्या. धूळ इतकी उडाली की पुलावाच्या कढईवर मवजुदाने दोन चादरी टाकल्या.

चार वाजता दोन खोल्यांची एक खोली झाली होती आणि मधे फक्त टेकू उभे होते. नुसरतने सगळ्यांना बाहेर काढलं. टेकूंच्या खालच्या पाचरी तो एकेक सैल करत गेला. झोकिर बाहेर गेला नाही.

“अका, बाहेर थांबा. हिशेब माझा आहे.”

“धाबं माझं आहे,” झोकिर म्हणाला आणि शेवटचा टेकू दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

नुसरतने पाचर ठोकली. टेकू सुटला. वर कुठेतरी लाकूड करकरलं, चिमूटभर माती झोकिरच्या खांद्यावर पडली, आणि मग काही झालं नाही. नुसरतने आधीच ताणून ठेवलेल्या दोरीपाशी जाऊन पाहिलं. गर्डर बोटाच्या रुंदीएवढा खाली आला होता आणि थांबला होता. “एवढाच यायला हवा होता,” तो म्हणाला.

झोकिरने टेकू हळूच जमिनीवर आडवा ठेवला. “तू आला नसतास,” तो म्हणाला, “तर मी आज आईला मारली असती. लगेच नाही, पण कधीतरी मारली असती, आणि वर वडिलांचं नाव घेतलं असतं.”

“तुम्ही धाब्याचं सांगितलं नसतंत तर मी मारली असती.”

“ऐक. वडील गेले तेव्हा तू नव्हतास, हे मी तुला अकरा वर्षं ऐकवलं. तुला येणं शक्य नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी एकटा होतो त्या खोलीत, नुसरत. मला भीती वाटली होती. ती मी तुझ्यावर काढत होतो. मला माफ कर.”

नुसरतने बाहीने तोंड पुसलं. धुळीचा चिखल झाला. “ऐकवत जा की,” तो म्हणाला. “फक्त फोनवर नको. समोर बसवून ऐकवा.”

बायकांनी जमीन झाडली, पाणी शिंपडलं, गालिचे आणले. बावीस माणसांना चहा पाजून, छातीवर हात ठेवून निरोप दिला आणि मग घरच्यांसाठी राखून ठेवलेला पुलाव आला. पहिल्यांदाच या घरात दस्तरखान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पसरला. मेहरी आपल्या होणाऱ्या सासरच्या माणसांना मनातल्या मनात बसवून बघत होती. झोकिर बसला, नुसरत बसला, गुलचेहरा बसली, मवजुदाला आज नुसरतने उठूच दिलं नाही आणि भात स्वतः वाढला.

सानोबर ओयी मात्र दाराशी उभ्याच होत्या. त्या खोलीकडे बघत होत्या आणि त्यांचा पाय पुढे पडत नव्हता.

“ओयी, बसा ना,” मवजुदा म्हणाली.

“कुठे बसू?” त्या म्हणाल्या. “मी नेहमी मधल्या दारात बसायचे. पुरुष या खोलीत, बायका त्या खोलीत. एक कान इकडे, एक कान तिकडे. पंचेचाळीस वर्षं मला कधी पूर्ण गोष्ट ऐकायला मिळाली नाही, ना यांची ना त्यांची. आता दारच नाही.”

झोकिर झटकन उठला. घरातली मानाची जागा, दारापासून सगळ्यात लांबची, त्याची होती. तिथली जाड गादी झटकून तो म्हणाला, “इथे या, ओयी. ही तुमची.”

“तिथे तू बस. तिथे ऊन येतं डोळ्यांवर.”

त्या चालत खोलीच्या मध्यावर आल्या. जिथे दुपारपर्यंत भिंत होती तिथे गालिच्याखाली तिच्या पायाचा खडबडीत पट्टा उरला होता. त्यांनी पायाने चाचपून दाराचा उंबरा नेमका कुठे होता ते शोधून काढलं. नुसरतची नजर आपसूक वर गेली, गर्डरवर, वाशांवर, पाचरींवर. ओयींनी एक गुडघा टेकला, मग दुसरा. एका बाजूला एक मुलगा, दुसऱ्या बाजूला दुसरा. “शुक्र आहे,” त्या म्हणाल्या, हात तोंडावरून फिरवले, आणि भाताचा पहिला घास उचलला. वर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.